चंद्रग्रहणाने लावलेली तारीख

इ.स.पू. १६८ च्या उन्हाळ्यातली रात्र. ऑलिंपस पर्वताच्या उत्तरेला, समुद्राजवळच्या पिडना गावाबाहेर दोन सैन्यं तळ ठोकून बसलेली. जेवणं उरकून माणसं पडायच्या बेतात असताना वर पौर्णिमेचा चंद्र काळवंडू लागला. रंग बदलत बदलत दिसेनासाच झाला. रोमन शिपायांनी काशाची भांडी बडवायला सुरुवात केली, मशाली आणि पलिते आकाशाकडे धरले. (आपल्याकडे ग्रहणात ‘दे दान, सुटे गिऱ्हाण’ अशी हाक यायची, चंद्र संकटात सापडला की गप्प बसवत नाही, हे तिथेही तसंच.) पलीकडच्या मॅसिडोनियन छावणीत मात्र कुजबुज होती: हे ग्रहण राजाचं आहे.

राजा म्हणजे पर्सियस. अलेक्झांडर गेल्यावर त्याच्या सेनापतींनी साम्राज्य वाटून घेतलं. त्यातल्या एका घराण्याने पुढे मॅसिडोनिया मिळवला, त्यातला हा शेवटचा राजा. त्याचे पणजोबा अँटिगोनस गोनाटस यांची आपली जुनी ओळख आहे. सम्राट अशोकाच्या तेराव्या शिलालेखात ‘अंतिकिनी’ नावाचा जो यवन राजा येतो, तो हाच. बाप पाचवा फिलिप इ.स.पू. १९७ मध्ये रोमकडून हरला होता. सीरियाचा तिसरा अँटिओकस त्यानंतर सात-आठ वर्षांत हरला. आता पाळी मुलाची.

रोमन छावणीत सल्पिसियस गॅलस नावाच्या अधिकाऱ्याला खगोलाचा नाद होता. इतिहासकार लिव्ही सांगतो की त्याने आदल्या दिवशीच सैनिकांना गोळा करून बजावलं, रात्री अमुक तासापासून अमुक तासापर्यंत चंद्र झाकेल, घाबरू नका. रोमन लेखक सिसेरोच्या मते मात्र त्याने दुसऱ्या दिवशी समजावून सांगितलं की चंद्र पृथ्वीच्या सावलीत शिरला होता. मला सिसेरो जास्त पटतो. ग्रहण का लागतं हे ग्रीकांना तोवर चांगलं ठाऊक होतं, पण रोमन अधिकाऱ्याने छावणीत बसून तास वर्तवणं ही वेगळीच गोष्ट.

त्याने काहीही सांगितलं असो, खरा उपयोग झाला तो आपल्याला. ग्रहण मागे जाऊन मोजता येतं. हे ग्रहण २१ जूनच्या रात्रीचं, म्हणजे लढाई २२ जून १६८ ची. (इतक्या मागे जाताना एक दुरुस्ती करावी लागते. भरती-ओहोटीमुळे पृथ्वीचं फिरणं अगदी हळूहळू मंदावत आलंय, आणि त्या काळापर्यंत घड्याळात साधारण साडेतीन तासांचा फरक साचतो. ग्रहणाचा तास ठरवायचा तर तो धरावा लागतो.) गंमत पुढे आहे. लिव्हीने लढाईची तारीख दिलीय ४ सप्टेंबर. त्याच वेळी तो उन्हाळी अयनदिनाच्या (वर्षातल्या सर्वांत मोठ्या दिवसाच्या) सुमाराचं भाजणारं ऊन आणि धुळीने, तहानेने कासावीस झालेले शिपाईही वर्णन करतो. सप्टेंबर आणि अयनदिन एकत्र कसे?

चूक लिव्हीची नाही, रोमच्या पंचांगाची. त्यांचं वर्ष ३५५ दिवसांचं. आपलं चांद्रवर्ष ३५४ चं, म्हणून आपण दर अडीच-पावणेतीन वर्षांनी अधिक मास घालतो. रोमनही दर दोनेक वर्षांनी २२-२३ दिवस जास्तीचे घालत. पण आपल्याकडे अधिक मास गणिताने पडतो. तिथे तो घालायचा की नाही हे पुरोहित मंडळ ठरवी, आणि ते चालढकल करी. आपण काही वर्षं अधिक मास विसरलो तर दिवाळी भर पावसात येईल, तसं रोमचं झालं: कॅलेंडरवर सप्टेंबर, शेतात जून. २२ वर्षांपूर्वी तर हाल याहून वाईट होते. तिसऱ्या अँटिओकसवर स्वारी निघाली त्या दिवसांत रोममध्ये सूर्यग्रहण दिसलं, त्याची रोमन तारीख ११ जुलै. गणिताने ते निघतं १४ मार्च १९० ला. जवळजवळ चार महिन्यांची तफावत! पिडनाच्या वेळेपर्यंत ती अडीच महिन्यांवर आली होती, म्हणजे मधल्या काळात कुणीतरी थोडं मनावर घेतलं असावं.

असो. ग्रहणाच्या दुसऱ्या दिवशी दुपार टळत असताना दोन्ही सैन्यं ज्या ओढ्यावर पाणी भरत, तिथे एक जनावर रोमनांच्या हातून सुटून पलीकडे गेलं. ते पकडायला थोडे इकडचे धावले, थोडे तिकडचे. त्या झटापटीतून लढाई पेटली. डेल्फीच्या संग्रहालयात या लढाईचं शिल्प आहे, आणि त्यात स्वार नसलेला एक मोकळा घोडा खरोखरच कोरलेला आहे.

मॅसिडोनियाची सगळी भिस्त होती फॅलँक्सवर, म्हणजे लांब भाले घेऊन दाटीने उभ्या राहणाऱ्या रांगांवर. या व्यूहाचं गणित इतिहासकार पॉलिबियसने मांडून ठेवलंय. हा स्वतः ग्रीक घोडदळाचा सेनानी. पिडनानंतर जे हजार ग्रीक ओलीस म्हणून इटलीला नेले त्यांतला एक. त्याचं माप हातांत आहे, आपल्या जुन्या हातासारखंच, कोपरापासून बोटांपर्यंत. भाला, म्हणजे सारिसा, १४ हात लांब. दोन्ही हातांची पकड आणि मागचा तोल यांत ४ हात जातात, उरलेले १० हात पुढे. मागची प्रत्येक रांग २ हात मागे उभी. म्हणजे दुसऱ्या रांगेचा भाला पहिल्या शिपायाच्या पुढे ८ हात येतो, तिसरीचा ६, चौथीचा ४, पाचवीचा २. पहिल्या माणसापुढे अशी पाच टोकं. सहाव्या रांगेपासून मागचे शिपाई भाले तिरके वर धरतात. वरून येणारे बाण त्यांत अडतात, आणि अंगाच्या भाराने ते पुढच्यांना रेटतात.

रोमन शिपायाला तलवार फिरवायला दुप्पट जागा लागते. म्हणजे एका रोमनासमोर दोन मॅसिडोनियन, आणि दहा भाले. तलवारीचा हात तिथवर पोहोचणारच कसा? रोमन सेनापती एमिलियस पॉलस साठीला आलेला, मुरलेला माणूस. याहून भयंकर दृश्य आपण पाहिलं नाही, असं तो नंतरही सांगत असे.

पण हे गणित सपाटीचं आहे. रांग सरळ, पावलं एकसारखी, तरच भाल्यांची भिंत टिकते. फॅलँक्स रेटत पुढे आला, रोमन मागे सरकत टेकड्यांच्या पायथ्याशी आले, आणि तिथे जमीन उंचसखल. कुठे रांग अडली, कुठे पुढे गेली. भिंतीला फटी पडल्या. पॉलसने छोट्या तुकड्यांना त्या फटींत शिरायला सांगितलं. एकदा आत शिरल्यावर १४ हातांचा भाला म्हणजे नुसती अडचण. तो वळवता येत नाही, आणि टाकून दिला तर हातात उरते छोटी तलवार आणि बारकी ढाल. सगळं तासाभरात आटोपलं, असं ग्रीक चरित्रकार प्लुटार्क सांगतो. लिव्ही मॅसिडोनियाचे २०,००० मेले म्हणतो, आणि रोमचे शंभराच्या आत. आकडे जिंकणाऱ्यांचे आहेत हे लक्षात ठेवूनच वाचायचे.

पर्सियस पळाला, सॅमोथ्रेस बेटावर पकडला गेला, रोमच्या विजययात्रेत मिरवला गेला आणि इटलीत कैदेत मेला. मॅसिडोनियाचे चार तुकडे झाले. लुटीतून इतका पैसा आला की रोमन नागरिकांवरचा थेट कर बंद झाला आणि सव्वाशे वर्षं बंद राहिला.

याच उन्हाळ्यात तिसऱ्या अँटिओकसचा मुलगा, चौथा अँटिओकस, इजिप्त गिळायला निघाला होता. रोमचा दूत पॉपिलियस लायनस डेलॉस बेटावर थांबून होता. पिडनाची बातमी कानावर आली आणि मगच त्याने जहाज हाकारलं. अलेक्झांड्रियाबाहेर राजाने हात पुढे केला, तर त्याने हातात सिनेटचा (रोमच्या राज्यकारभार पाहणाऱ्या सभेचा) आदेश ठेवला: परत जा. मित्रांशी बोलून सांगतो, असं राजा म्हणाला. दूताने हातातल्या काठीने त्याच्याभोवती वाळूत गोल आखला, आणि याबाहेर पाऊल टाकायच्या आत उत्तर हवं, असं सुनावलं. राजाने निमूटपणे ऐकलं. पिडना झालं नसतं तर ती काठी बहुधा खालीच राहिली असती.

ही गोष्ट ग्रीक-रोमन ग्रंथांत होतीच. १९६० च्या दशकात मात्र इजिप्तमध्ये सक्काराच्या उत्खननात शाईने लिहिलेली खापरं सापडली. लिहिणारा होर नावाचा माणूस, तिथल्या पवित्र पक्ष्यांच्या देवस्थानात राहणारा. अँटिओकस परत जाईल असं आपल्याला स्वप्नात दिसलं होतं, हे सांगण्यासाठी त्याने हा खटाटोप केलेला. त्यात राजा इजिप्तमधून निघाल्याची तारीख आहे: एपिफ महिन्याची ३०. इजिप्तचं वर्ष सरळ ३६५ दिवसांचं, त्यात कुणाची ढवळाढवळ नाही, त्यामुळे ती तारीख बिनचूक बदलता येते. ती येते ३० जुलै १६८. पिडनापासून ३८ दिवस. बातमी डेलॉसला पोहोचून तिथून जहाज अलेक्झांड्रियाला यायला पुरेसे. लिव्हीचा ४ सप्टेंबर जशाच्या तसा धरला असता, तर अँटिओकस लढाईच्या महिनाभर आधीच तिच्या निकालाला घाबरून घरी गेला, असं म्हणावं लागलं असतं.