१९ सप्टेंबर आणि मेक्सिको सिटीखालचा चिखल

१९८५, २०१७ आणि २०२२. तिन्ही वर्षी मेक्सिकोत मोठा भूकंप १९ सप्टेंबरलाच झाला, म्हणून त्या तारखेत गूढ शोधणारे आजही भेटतात. तारीख हा निव्वळ योगायोग. कुठल्या वस्तीतल्या किती मजली इमारती धोक्यात आहेत हे मात्र जमिनीखालचे थर मोजून आधीच सांगता येतं.

मेक्सिको सिटी जुन्या तलावाच्या गाळावर वसली आहे. वर कोरडं कवच, त्याखाली मऊ चिकणमाती, मग कडक थर आणि पुन्हा चिकणमाती. वरच्या मातीत काही ठिकाणी कोरड्या मातीच्या तिप्पट वजनाचं पाणी असतं. बोअर घेताना ६३.५ किलोचा हातोडा ७६ सेंटिमीटरवरून टाकून ठोके मोजायची नेहमीची रीत इथे फसते, कारण ठोकायची नळी कधी कधी स्वतःच्या वजनानेच खाली जाते. म्हणून सेकंदाला २ सेंटिमीटर वेगाने शंकू दाबत नेतात आणि त्याला होणारा विरोध सलग नोंदवतात.

पण शहरभर बोअर कुठवर घेणार? वाहतूक, वारा आणि समुद्राच्या लाटा यांनी जमीन सतत बारीक थरथरत असते. मऊ थराच्या स्वतःच्या वारंवारितेला (सेकंदाला किती हेलकावे, ते हर्ट्झमध्ये मोजतात) आडवी थरथर फुगते, उभी फारशी नाही. दोन्हींचं गुणोत्तर काढलं की आलेखात शिखर उभं राहतं. जपानच्या नाकामुरांनी १९८९मध्ये ही पद्धत रूढ केली. शिखर ०.५ हर्ट्झला असेल आणि मातीतला कातरलहरींचा (जमीन आडवी हलवणाऱ्या लहरींचा) वेग सेकंदाला ७५ मीटर असेल, तर मऊ थराची जाडी = वेग ÷ (४ × वारंवारिता), म्हणजे ३७.५ मीटर. वेग मात्र जवळच्या बोअरमधूनच घ्यावा लागतो. तो चुकला की जाडीही तेवढीच चुकते. इतक्या संथ कंपनांसाठी निदान २० मिनिटांची नोंद हवी. ४.५ हर्ट्झचा साधा जिओफोन, म्हणजे जमिनीची कंपनं टिपणारं यंत्र, इथे कमी पडतो. शिखर सुईसारखं टोकदार आलं तर आधी जवळपास पंप किंवा जनरेटर चालू आहे का ते पाहावं. खालच्या-वरच्या थरांच्या कडकपणात फरक कमी असेल, तर शिखर दिसतच नाही.

०.५ हर्ट्झ म्हणजे २ सेकंदांचा कंपनकाल, एका हेलकाव्याला लागणारा वेळ. १९८५च्या भूकंपाचं केंद्र साडेतीनशे किलोमीटरहून दूर होतं, तरी तलावाच्या मातीवर लाव्हाच्या खडकापेक्षा जवळपास पाचपट त्वरण नोंदलं गेलं. ढोबळ हिशेबाने इमारतीचा कंपनकाल मजल्यामागे ०.१ सेकंद धरला तर २० मजली इमारती पडायला हव्या होत्या. प्रत्यक्षात मुख्यतः ६ ते १५ मजल्यांच्या कोसळल्या. मऊ पायामुळे इमारतीचा कंपनकाल मुळातच वाढलेला असतो. त्यात भेगा पडत गेल्या की तो आणखी लांबतो, २ सेकंदांकडे सरकतो आणि अनुनाद पकडतो, म्हणजे जमीन आणि इमारत एकाच लयीत हलून झोके वाढत जातात. २०१७ला केंद्र जवळ होतं, लहरींचा कंपनकाल आखूड होता. तेव्हा तलावाच्या पश्चिम कडेला, जिथे गाळ पातळ आहे, तिथल्या कमी उंचीच्या इमारतींना फटका बसला.

अशा मोजमापांतून काढलेला शहराचा नकाशा एकदा काढून भागत नाही. भूजल उपशामुळे शहराचे काही भाग वर्षाला ५० सेंटिमीटरपर्यंत खचतात. माती दबून पातळ आणि कडक होते, कंपनकाल घटतो, म्हणून त्याच जागी यंत्र ठेवून काही वर्षांनी पुन्हा मोजावं लागतं.