जुन्या थकीत कर्जाची सिबिलमधली चुकीची नोंद: दुरुस्तीचा अर्ज आणि कागदपत्रं

कर्ज फेडून वर्षं उलटली, तरी सिबिल रिपोर्टमध्ये, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या नोंदींमध्ये, ‘रिटन ऑफ’ दिसतं आणि नवं कर्ज तिथेच अडतं. अशा वेळी ‘सात वर्षांनी नोंद आपोआप जाते’ या भरवशावर राहू नका. सात वर्षं ही माहिती जपून ठेवायची किमान मुदत आहे, पुसून टाकायची नव्हे. राइट ऑफ म्हणजे कर्जमाफीही नव्हे. बँकेने आपल्या हिशेबात रक्कम बुडीत धरली एवढंच, तुमचं देणं उभंच असतं. वसुलीच्या दाव्याची तीन वर्षांची मुदत संपली, तरी नोंद त्यामुळे निघत नाही.

आधी रिपोर्ट काढा. ट्रान्सयुनियन सिबिल, इक्विफॅक्स, एक्सपिरियन आणि क्रिफ हाय मार्क या कर्जांच्या नोंदी ठेवणाऱ्या चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट मोफत द्यायचा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. चारही काढा, कारण एकीकडे सुधारलेली नोंद दुसरीकडे तशीच राहिलेली असू शकते.

सिबिलच्या रिपोर्टमध्ये प्रत्येक खात्याखाली महिन्यांचे चौकोन असतात. ‘०००’ म्हणजे त्या महिन्यात काही थकलेलं नाही, ‘०९०’ म्हणजे हप्ता नव्वद दिवस थकलेला, ‘एक्सएक्सएक्स’ म्हणजे बँकेने माहितीच कळवलेली नाही. पूर्ण फेडलेल्या खात्यात शिल्लक शून्य आणि खातं बंद झाल्याची तारीख हवीच. ‘सेटल्ड’चं प्रकरण वेगळं. कमी रकमेवर तडजोड केली असेल तर तो शेरा खरा आहे, दुरुस्तीच्या अर्जाने जाणार नाही. उरलेली रक्कम भरून खातं ‘क्लोज्ड’ दाखवाल का, हे बँकेशी बोलून, लेखी घेऊनच पैसे भरा.

अर्ज कोण करू शकतो? ज्याच्या रिपोर्टमध्ये चूक आहे तो कोणीही. कर्ज घेतलेलंच नसताना नाव लागलं असेल, तोही.

पॅन, ओळखीचा व पत्त्याचा पुरावा, कर्ज खात्याचा क्रमांक, नो ड्यूज सर्टिफिकेट (काही देणं बाकी नसल्याचा बँकेचा दाखला) आणि शेवटची रक्कम भरल्याचं बँक स्टेटमेंट जवळ ठेवा. नो ड्यूज हरवलं असेल तर आधी बँकेकडे त्याची प्रत मागा. माझ्या मते सगळा अर्ज याच एका कागदावर उभा राहतो.

ज्या कंपनीच्या रिपोर्टमध्ये चूक आहे तिच्या वेबसाइटवर ‘डिस्प्यूट’, म्हणजे हरकत, नोंदवा आणि तेच पत्र बँकेच्या तक्रार विभागालाही द्या, कारण बँकेने दुजोरा दिल्याशिवाय कंपनी नोंद बदलत नाही. तक्रार क्रमांक जपा. बँकेला २१ दिवस आणि एकूण निपटाऱ्याला ३० दिवस मिळतात. त्यापुढे दर दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. हा नियम २६ एप्रिल २०२४ पासून लागू आहे. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करा. तिला फी नाही.

पैसे घेऊन ‘सिबिल साफ करून देतो’ म्हणणाऱ्यांच्या नादी कृपा करून लागू नका. खरी थकबाकी त्यांनाही पुसता येत नाही, आणि चुकीची नोंद तुम्ही स्वतः फुकटात दुरुस्त करून घेऊ शकता.