पहिली ट्रेल रेस असेल तर शूज घ्यायच्या आधी हे वाचा

साताऱ्यात पळणाऱ्याला चढ काय असतो ते सांगायची गरज नाही, हिल मॅरेथॉनमुळे निम्मं गाव यवतेश्वरचा घाट पळून आलंय. पण घाट म्हणजे शेवटी डांबर. आता सह्याद्रीतल्या 35 नाहीतर 50 किमीच्या ट्रेल रेसला, म्हणजे डोंगरातल्या पायवाटांवरच्या शर्यतीला, पहिल्यांदा नाव घातलेली मंडळी आमच्या शूजच्या दुकानात येतात, आणि येतात कधी, तर रेसला दोन दिवस राहिले की, "नऊ नंबर द्या, रोडचा तोच आहे, एकदम फिट पाहिजे."

घोळ इथंच होतो. ट्रेलचा शूज टाचेला आणि मधे घट्ट पाहिजे पण बोटांपुढं हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा सुटलीच पाहिजे. चढताना काही जाणवत नाही, उतरायला लागलं की प्रत्येक पावलाला पाय पुढं सरकतो आणि बोटं शूजच्या नाकावर आपटतात, त्यात सलग पाच-सहा तासांत पाय सुजतो तो वेगळाच. रेस संपेपर्यंत नख काळं पडलेलं असतं, आणि मग सोमवारी तोच चिखलाचा जोड पिशवीत घालून येतात, "बदलून द्या, लहान निघाला." दादा, लहान निघाला नाही, लहान घेतला! डोंगरात वापरलेला जोड आम्ही परत घेत नाही, कारण तो पुढच्या गिऱ्हाईकाला नवीन म्हणून विकणं आम्हाला जमत नाही.

म्हणूनच दुकानात ती उताराची फळी ठेवलीय, तिच्यावरून दोन-चारदा खाली उतरल्याशिवाय बिल करत नाही. काहींना हा नखरा वाटतो, ऑनलाइन स्वस्त मिळतो असंही ऐकवतात. मिळत असेल, पण फळी मिळत नाही. उतरताना बोट टेकलं तर अर्धा नंबर वाढवतो, टाच उचलली तर सगळ्यात वरच्या जादा भोकातून लेस ओवून टाच आवळून दाखवतो, बऱ्याचदा तेवढ्यावरच काम होतं आणि नवीन शूज घ्यावाही लागत नाही.

वॉटरप्रूफ मागू नका. ओढ्यात पाणी वरून शिरतं आणि मग बाहेर यायचं नाव घेत नाही, जाळीचा शूज लवकर निथळतो. घसाऱ्यावर, मुरमावर 4-5 मिमी खोल नक्षीचा सोल पुरतो, शेवाळलेल्या ओल्या कातळावर मात्र कुठलाच शूज शंभर टक्के धरत नाही, तिथं जपूनच.

शूज महिनाभर आधी घ्या आणि त्यातच सराव करा. अजिंक्यताऱ्यावर गाडीरस्त्यानं नको, पायवाटेनं, आणि वर जाऊन फोटो काढून गाडीवर परत यायचं नाही, उतरायचंसुद्धा पळतच, मांड्या उतारालाच मोडतात. पाठीवरची पाण्याची बॅग दीड लिटर भरूनच पळा, रिकामी बॅग कुणालाच काचत नाही. रोडचा पेस (किलोमीटरमागची वेळ) विसरा, खडा चढ सगळेच चालतात त्यात लाज कसली, फक्त कटऑफ, म्हणजे कुठं किती वेळात पोचलंच पाहिजे ती मुदत, बघून ठेवा. मोजे सुती नकोत, घामानं भिजतात आणि फोड येतात. ओआरएस, चिक्की जे पोटाला सवयीचं तेच न्या, नवीन एनर्जी जेल (पळताना खायची गोड पेस्ट) रेसच्या दिवशी पहिल्यांदा फोडू नका (जेल आम्हीही विकतो, तरी सांगतोय).

मापाला शक्यतो संध्याकाळी या, दिवसभरानं पाय थोडा फुगलेला असतो. रेसला घालणार तेच मोजे आणा, आणि नखं कापून या.