पॉइंट प्लेझंट

पॉइंट प्लेझंट : अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यातील मेसन काउंटीचे मुख्य ठिकाण. लोकसंख्या सुमारे 4,100 (2020). ॲपलाचियन डोंगराळ प्रदेशातून येणारी कनॉवा नदी जेथे ओहायो नदीला मिळते, त्या संगमावर हे गाव वसले आहे. सकाळी येऊन संध्याकाळी परतावे, एवढाच त्याचा पसारा.

संगमावरील तू-एंडी-वेई उद्यानात 84 फुटी ग्रॅनाइटचा स्तंभ आहे. 10 ऑक्टोबर 1774 रोजी येथे अँड्र्यू लुईसच्या व्हर्जिनियन सैन्याची शॉनी या मूळ अमेरिकी जमातीचा प्रमुख कॉर्नस्टॉक याच्या योद्ध्यांशी लढाई झाली. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाची पहिली लढाई तीच, असे गावकरी सांगतात. इतिहासकार सहसा ते मान्य करत नाहीत. 1777 मध्ये बोलणी करायला आलेल्या कॉर्नस्टॉकला येथील किल्ल्यात डांबून ठार मारण्यात आले. त्याचे अवशेष याच उद्यानात आहेत.

पर्यटकांची गर्दी मात्र ‘मॉथमॅन’साठी. 15 नोव्हेंबर 1966 च्या रात्री गावाबाहेर, दुसऱ्या महायुद्धातील टीएनटी या स्फोटकाच्या कारखान्याच्या ओसाड आवारात, दोन तरुण जोडप्यांना लाल डोळ्यांचा, पंख असलेला माणसाएवढा प्राणी दिसला. तो वाट चुकलेला सँडहिल क्रौंच असावा, असे एका प्राणिशास्त्रज्ञाचे मत पडले. ते अर्थातच कोणाला आवडले नाही. आज भर चौकात मॉथमॅनचा 12 फुटी पोलादी पुतळा (2003) आहे, शेजारी संग्रहालय आणि सप्टेंबरात जत्रा. पुतळ्याच्या चकचकीत पार्श्वभागासह फोटो काढण्याचीही प्रथा आहे.

15 डिसेंबर 1967 रोजी ऐन संध्याकाळच्या रहदारीत ओहायोवरील सिल्व्हर ब्रिज (1928) कोसळून 46 जण मेले. मॉथमॅनने आधीच इशारा दिला होता, ही दंतकथा मागाहून जोडली गेली. खरे कारण अधिक थरारक आहे. पूल दोरखंडांऐवजी, टोकांना भोके असलेल्या पोलादी पट्ट्यांच्या साखळ्यांवर तोललेला होता आणि प्रत्येक कडीत पट्ट्या दोनच. त्यांतील एकीच्या भोकाजवळ जेमतेम अडीच मिलिमीटर खोल तडा होता. ती तुटली आणि सगळा पूल नदीत गेला. सहाव्या रस्त्याच्या तोंडाशी मृतांचे स्मारक आहे. पुतळा पाहून तसेच परत फिरू नये.

या अपघातानंतरच अमेरिकेत महामार्गांवरील पुलांची नियमित तपासणी देशभर सक्तीची झाली. त्याच बनावटीचा, ओहायोवरच वरच्या अंगाला असलेला सेंट मेरीज गावचा पूल बंद करून 1971 मध्ये पाडण्यात आला.