सुयांवरचे विणकाम
सुयांवरचे विणकाम : सलग दोऱ्याचे फास एकमेकांतून ओढून दोन किंवा अधिक सुयांवर लवचिक कापड तयार करण्याची हस्तकला. मराठीत ‘विणकाम’ हा शब्द मागावरच्या कामालाही लावतात. परंतु तेथे ताणा व बाणा असे दोन वेगळे धागे काटकोनात गुंफले जातात, तर येथे एकच धागा वळणे घेत ओळीमागून ओळ पुढे सरकतो आणि म्हणूनच कापड चहूबाजूंनी ताणले जाते. क्रोशाचे काम यापासून वेगळे होय. त्यात एका आकड्यावर बहुधा एकच फास उघडा राहतो, तर सुयांवरच्या कामात संपूर्ण ओळीचे फास एकाच वेळी उघडे असतात. सुईवरून निसटलेला एखादा टाका (म्हणजे फास) कित्येक ओळी खाली ओघळत जातो तो याच कारणाने. मात्र क्रोशाच्या सुईने तो शिडीच्या पायऱ्या चढवाव्यात तसा एकेक आडवा धागा उचलून पुन्हा वर आणता येतो.

या कलेचा उगम वादग्रस्त आहे. वादाचे मुख्य कारण असे, की नेढे असलेल्या एकाच सुईने केलेली एक प्राचीन गुंफण दिसायला विणकामासारखीच असते. नॉलबिंडिंग या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या पद्धतीत तोकडा दोरा सुईत ओवून प्रत्येक फासातून तो पूर्ण लांबीनिशी ओढून घेतात. दोरा संपला की नवा जोडावा लागतो आणि तयार कापड सहजी उसवत नाही. तिच्या एका प्रकाराची वीण, पीळ दिलेल्या सुलट टाक्यांच्या (ज्यांत नवा फास मागून पुढे ओढतात) विणीशी रचनेने इतकी जुळते, की नुसत्या नजरेने दोहोंत फरक करणे अवघड जाते. सिरियातील ड्यूरा-यूरोपस हे नगर सुमारे इ.स. २५६ मध्ये उद्ध्वस्त झाले. तेथे सापडलेल्या वस्त्रांच्या तुकड्यांची नोंद १९४५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात विणकाम म्हणून झाली आणि पुढे बराच काळ तेच सर्वांत जुने नमुने मानले गेले. डॉरोथी बर्नहॅम यांनी १९७२ मध्ये ईजिप्तमधील कॉप्टिक (तेथील प्राचीन ख्रिस्ती समाजाच्या) वस्त्रांच्या अभ्यासातून अशा वस्तू एका सुईनेही होऊ शकतात हे दाखवून दिले. टाके वाढवण्या-घटवण्याच्या जागा, दोऱ्याचे जोड आणि कारागिराकडून झालेल्या चुकांचे स्वरूप पाहता हे मत अधिक ग्राह्य वाटते. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील, सपातांसाठी अंगठा वेगळा ठेवलेले ईजिप्शियन मोजे (सु. इ.स. २५०–४२०) याच एकसुई पद्धतीचे आहेत. अरबस्तानातील भटक्या टोळ्यांकडे या कलेचे जनकत्व देणारे मतही आढळते; त्यास वस्तुरूप पुरावा नाही.

निःसंशय सुयांवर विणलेल्या सर्वांत जुन्या ज्ञात वस्तू म्हणजे ईजिप्तमधील निळ्या-पांढऱ्या सुती मोज्यांचे अवशेष होत. त्यांचा काळ साधारणपणे अकरावे ते चौदावे शतक असा धरतात. त्यांची सफाई पाहता कला तोवर बरीच मुरलेली असावी. स्पेनमधील बुर्गोस येथील लास वेल्गास मठात १२७५ मध्ये निधन पावलेल्या फेर्नांदो दे ला सेर्दा या राजपुत्राच्या थडग्यात रेशमी विणीची उशी मिळाली असून तिच्यात इंचाला सुमारे २० टाके आहेत. हाताने विणलेल्या नेहमीच्या जाड स्वेटरात ते पाचच्या आसपास भरतात. मास्टर बेर्ट्राम या जर्मन चित्रकाराच्या सु. १४०० मधील वेदिचित्रात येशूची आई मेरी अनेक सुयांवर गोलाकार अंगरखा विणताना दिसते. गोलाकार कामात कापडाची सुलट बाजूच सतत समोर राहत असल्याने उलट टाक्याची (ज्यात फास पुढून मागे ओढतात) गरज पडत नाही. त्यामुळे तो मागाहून रूढ झाला असावा. त्याचा जुना दाखला म्हणून १५६२ मध्ये दफन झालेल्या फ्लॉरेन्सच्या डचेस एलेओनोरा दी तोलेदो यांच्या पायमोज्यांचा उल्लेख सामान्यतः केला जातो.

विल्यम ली यांनी १५८९ मध्ये इंग्लंडात मोजे विणण्याचे यंत्र तयार केले. त्याचा प्रसार सावकाश झाला, तरी उपजीविकेचे साधन म्हणून हातविणकाम क्रमाने मागे पडले आणि एकोणिसाव्या शतकात, छापील नमुन्यांच्या पुस्तिकांसह, ते घरगुती छंद म्हणून स्थिरावले.

शिकवण्याच्या दृष्टीने या कलेची सोय अशी, की सुलट व उलट या दोन टाक्यांवर जवळजवळ सर्व नमुने उभे राहतात. सोळाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमधील लिंकन, यॉर्क येथे गरिबांच्या मुलांना विणकाम शिकवणाऱ्या शाळा निघाल्या, त्यांचा हेतू रोजगाराचा होता. १९१९ मध्ये स्टुटगार्ट येथे सुरू झालेल्या वॉल्डोर्फ शाळांच्या परंपरेत मात्र पहिल्या इयत्तेतच ते हात आणि लक्ष यांच्या शिक्षणासाठी शिकवतात. नवशिक्याला सुईवर आरंभीची टाक्यांची ओळ घालून द्यावी आणि आधी फक्त सुलट ओळी विणू द्याव्यात, कारण ही आरंभीची ओळ घालणे हे विणण्याहून कठीण आहे. विद्यार्थ्याला शेजारी बसवावे. डावखुऱ्याला समोर बसवले तर त्याला आरशातल्यासारखी कृती दिसते. पहिली पट्टी बहुतेकांची वर रुंद होत जाते. ओळीच्या आरंभी दोरा सुईवरून मागे ओढला गेला, की पहिल्या टाक्याचे दोन पाय वर येतात आणि ते दोन टाके भासतात. दोन्ही विणले, की वीसाचे एकवीस होतात. हे शिकणाऱ्याच्या ध्यानात येईपर्यंत प्रत्येक ओळीअखेर टाके मोजण्याची सवय लावणे हाच उपाय होय.

भेट म्हणून विणताना मुख्य अडचण मापाची असते. त्याच लोकरीवर, त्याच सुयांवर दोन व्यक्तींचे टाके सारखे उतरत नाहीत, म्हणून आधी छोटा नमुना विणून, धुऊन, दहा सेंटिमीटरांत किती टाके बसतात ते पाहतात. ही पायरी टाळण्याकडे कल असतो. पण महिनाभराचे काम अंगाला न बसण्याचे ते सर्वांत वारंवार घडणारे कारण आहे.

दानार्थ विणकामाला पहिल्या महायुद्धात मोठे संघटित रूप आले. ब्रिटनमध्ये १९१४ च्या शरदात राणी मेरी यांनी सैनिकांसाठी ३,००,००० जोडी मोजे आणि तितक्याच कमरपट्ट्यांचे आवाहन केले. पुढे अमेरिकन रेड क्रॉसनेही अशीच मोहीम चालवली आणि शाळकरी मुले व पुरुषही विणू लागले. मोज्याच्या टोकाची शिवण खंदकात पायाला टोचत असे. ती टाळणाऱ्या बिनशिवण जोडाला सेनानी किचनर यांचे नाव मिळाले आहे, मात्र त्यांनी तो स्वतः सुचवला या समजुतीला भक्कम आधार नाही. आज नवजात बालकांच्या टोप्या, कर्करुग्णांसाठी मऊ टोप्या, चौकोन जोडून केलेल्या गोधड्या असे प्रकार रूढ आहेत. नवजाताच्या शरीराच्या मानाने डोके मोठे असल्याने तेथून बरीच उष्णता जाते, म्हणून टोपीचा उपयोग खरा आहे. अपुऱ्या दिवसांच्या बालकांसाठी क्रोशाने विणलेल्या ऑक्टोपस-खेळण्यांची प्रथा २०१३ च्या सुमारास डेन्मार्कमधून पसरली. तिच्या वैद्यकीय लाभाचा पुरावा तोकडा असून आतला भराव बाहेर येईल इतकी वीण सैल असू नये, एवढी खबरदारी तरी आवश्यक ठरते.

कोणता दोरा वापरावा हे घेणाऱ्याच्या गरजेवर अवलंबून असते. रुग्णालयात कपडे गरम पाण्यात घुसळून धुतले जातात आणि त्यात साध्या लोकरीच्या तंतूंवरील खवले एकमेकांत अडकून कापड आटते, म्हणून तेथे सुती, ॲक्रिलिक किंवा यंत्रात धुता येईल अशी प्रक्रिया केलेली लोकर मागतात. सैनिकांच्या शिरस्त्राणाखालील टोपीसाठी नेमके उलट आहे : ॲक्रिलिक आगीत वितळून त्वचेला चिकटते, म्हणून तेथे शुद्ध लोकरच हवी. दान केलेल्या वस्तूसोबत दोऱ्याचा प्रकार आणि धुण्याची रीत लिहिलेली चिठ्ठी जोडावी, असा आग्रह अनेक संस्था धरतात तो यासाठीच.