मर्तबान

मर्तबान : दक्षिण चीन व आग्नेय आशियातील भट्ट्यांमध्ये घडवलेली, रुंद खांद्याची, आखूड व अरुंद गळ्याची मोठी बरणी. इसवी सनाच्या 9 व्या शतकापासून पुढे सुमारे हजार वर्षे हिंदी महासागर व दक्षिण चिनी समुद्रातील जहाजांवर पाणी, तेल, मद्य, लोणची, मसाले आणि प्रसंगी नाजूक चिनी भांडी भरून नेण्यासाठी अशा बरण्या वापरल्या जात. हे नाव म्यानमारमधील साल्वीन नदीच्या मुखाजवळील मर्तबान (मोत्तमा) बंदरावरून पडले. हिंदी-उर्दूत लोणच्याच्या बरणीला आजही मर्तबान म्हणतात. मात्र नाव बंदराचे असले, तरी या नावाने विकल्या गेलेल्या असंख्य बरण्या मूळच्या ग्वांगडोंग व फूज्येन या चिनी प्रांतांतील होत्या. ब्रह्मदेश, सयाम व व्हिएतनाममध्येही त्यांच्यासारख्या बरण्या तयार होत असल्याने केवळ आकारावरून मूळ ठरवणे धोक्याचे असते.

या बरण्यांना सरसकट ‘मातीची भांडी’ म्हटले जाते, ते अर्धेच खरे आहे. साधा माठ पाझरतो, म्हणून त्यातले पाणी गार राहते. पण त्याच गुणामुळे तेल किंवा मद्य महिनोन्‌महिने ठेवण्यास तो निरुपयोगी ठरतो. मर्तबान सुमारे 1,200 अंश सेल्सिअस तापमानाला भाजलेले असते. त्यामुळे लोहयुक्त भरड माती घट्ट होऊन दगडासारखी बनते आणि भांडे पाझरत नाही. या प्रकाराला स्टोनवेअर म्हणतात. मातीच्या जाड वळ्या एकावर एक चढवून व थोपटून अंग तयार करीत, लाकडाची राख व माती कालवून केलेली हिरवट, पिंगट किंवा काळपट झिलई वरून देत आणि डोंगरउतारावर बांधलेल्या लांबट भट्टीत भाजत. खांद्यावरचे चार-सहा कान शोभेसाठी नव्हते. त्यांतून दोरी ओवून तोंडावरचे झाकण आवळून बांधता येई.

बरणीचा वापर सर्वांत स्पष्टपणे दिसतो तो इंडोनेशियातील बेलितुंग बेटाजवळ 1998 मध्ये सापडलेल्या बुडालेल्या जहाजात. अरबी पद्धतीने फळ्या दोरीने शिवून बांधलेले हे जहाज चीनहून पश्चिमेकडे निघाले असावे; त्यातील एका वाडग्यावर इ. स. 826 शी जुळणारी तारीख आहे. सुमारे 60,000 भांड्यांपैकी बहुतेक हूनान प्रांतातील छांगशा येथील वाडगे होते आणि त्यांपैकी अनेक ग्वांगडोंगच्या हिरवट बरण्यांत वेटोळ्याने एकावर एक रचलेले होते. काही बरण्यांत चक्रीफूल (बादियान) निघाले. म्हणजे ज्याला आज आपण खोका म्हणतो, ते काम बरणी करीत होती. फरक एवढाच की माल उतरवल्यावर खोका फेकला जातो, बरणी विकली जाई. बोर्निओतील दुसुन लोकांवरून अभ्यासक या विशिष्ट प्रकाराला ‘दुसुन बरणी’ म्हणतात. इराणच्या आखातातील सिराफ आणि श्रीलंकेतील मंतई या बंदरांत तिची खापरे मिळाली आहेत.

14 व्या शतकातील प्रवासी इब्न बतूता याने आले, मिरी, लिंबे व आंबे खारवून भरलेली मर्तबाने समुद्रप्रवासासाठी भेट मिळाल्याचे नोंदवले आहे. त्याहून तपशीलवार माहिती 1580 च्या दशकात गोव्यात राहिलेला डच लेखक लिन्सखोटेन देतो. त्याच्या म्हणण्याप्रमाणे मर्तबानहून आलेली लहानमोठी भांडी हिंदुस्थानात घरोघरी आणि जहाजांवर लाकडी पिंपांच्या जागी वापरली जात व त्यांत तेल, मद्य आणि पाणी साठवत. पोर्तुगीज आरमाराच्या इतिहासात तोफांना जेवढी जागा मिळते, तिच्या मानाने पाण्याच्या या बरण्यांना फारच कमी मिळते; वास्तविक गोड्या पाण्यावाचून कोणतेही जहाज खोल समुद्रात टिकत नसे.

बरणीचे मोल ती कोठे उतरली यावर ठरे. बोर्निओच्या अंतर्भागात तिला घराण्याच्या ठेव्याचे स्थान मिळाले : वधूमूल्य म्हणून ती दिली जाई, दंड म्हणून घेतली जाई, तिच्या अंगी आत्मा वसतो असे मानले जाई. काही जमातींत मृतदेह बरणीत ठेवण्याची प्रथा होती. तोंड अरुंद असल्याने बरणी खांद्याशी कापून देह आत बसवीत व वरचा भाग पुन्हा जोडीत.

जपानमध्ये हीच बरणी चहाची कोठी झाली. स्पॅनिश अधिकारी आंतोनिओ दे मोर्गा याने 1609 मध्ये प्रसिद्ध केलेल्या वृत्तांतात फिलिपिन्समधील लुझोन बेटावरच्या जुन्या, पिंगट, दिसायला अगदी सामान्य बरण्यांसाठी जपानी व्यापारी अफाट किंमत मोजतात, याबद्दल आश्चर्य व्यक्त केले आहे. चहाची पाने त्यांत उत्तम टिकतात अशी जपानी रसिकांची खात्री होती. निवडक बरण्यांना माणसांसारखी नावे ठेवली जात. ‘चिगुसा’ ही त्यांपैकी एक. 13 व्या-14 व्या शतकात दक्षिण चीनमध्ये साठवणीचे साधे भांडे म्हणून ती घडवली गेली. चहासमारंभांना आलेल्या पाहुण्यांनी तिच्या झिलईचे ओघळ आणि मातीचा पोत आपल्या रोजनिशींत बारकाईने टिपून ठेवला. तिला रेशमी आच्छादन व गाठी मारायच्या दोऱ्या शिवून घेतल्या गेल्या. 2009 मध्ये ती वॉशिंग्टनच्या फ्रीअर कलासंग्रहालयाने विकत घेतली.