पांढरं मांजर बहिरं का असतं?

चक्कर आली आणि कानात गुंई सुरू झाली की घरात कुणीतरी म्हणतंच, "कानात पाणी झालंय, कोमट तेल घाल." तेल कानाच्या पडद्यापाशीच अडतं. आंतरकर्ण त्याच्या बराच आत, हाडात बंदिस्त असतो. पडद्याला भोक असेल तर तेलाने अपायच होतो. कृपया घालू नका.

आंतरकर्णात द्रव असतोच, आणि तो दोन प्रकारचा. पेरिलिम्फमध्ये सोडियम भरपूर. एंडोलिम्फमध्ये उलट: पोटॅशियम लिटरमागे सुमारे १५० मिलिमोल, सोडियम जेमतेम एक. शिवाय एंडोलिम्फवर सुमारे ८० मिलिव्होल्टचा धन विद्युतभार असतो. आवाज टिपणाऱ्या केसपेशीच्या आत ऋणभार असतो. आवाजाने पेशीवरचे केस कलले की सूक्ष्म दारं उघडतात आणि या दोन भारांमधला फरक पोटॅशियमला आत लोटतो. केसपेशीला त्यासाठी स्वतःची ऊर्जा जवळपास खर्चावी लागत नाही, तो भार कॉक्लियाच्या, म्हणजे आंतरकर्णातल्या शंखासारख्या भागाच्या, भिंतीतला 'स्ट्रिया' नावाचा थर तयार ठेवतो. आणि या स्ट्रियातल्या ज्या पेशींच्या केआयआर ४.१ नावाच्या पोटॅशियम-मार्गांवर हा भार उभा राहतो, त्या आहेत मेलॅनोसाइट, म्हणजे त्वचेला आणि केसांना रंग देणाऱ्या पेशींच्याच सख्ख्या बहिणी!

निळ्या डोळ्यांची मांजरं बहिरी असतात, हे डार्विनने १८५९ मध्येच लिहिलं होतं. ती सगळीच बहिरी नसतात, पण जी पांढरी मांजरं जन्मतः बहिरी असतात त्यांच्या स्ट्रियात रंगपेशी पोचलेल्याच नसतात. भार तयार होत नाही, जन्मानंतर काही आठवड्यांत दोन द्रवांमधला राइसनरचा नाजूक पडदा खाली बसतो आणि केसपेशी मरतात. डाल्मेशियन कुत्र्यांतही हेच घडतं.

चक्कर, कानात गुंई आणि कमी ऐकू येणं हे ज्यात एकत्र होतं त्या मेनिएरच्या आजारात हाच पडदा उलट फुगतो. १९३८ साली लंडनमध्ये हॉलपाइक आणि केर्न्स या डॉक्टरांना तो फुगलेला पडदा मृत रुग्णांच्या कानात दिसला. १९६५ मध्ये किमुरा आणि शुक्नेख्ट या संशोधकांनी गिनीपिगच्या एंडोलिम्फची पिशवी बंद केली. द्रव साचला, पडदा फुगला, पुढे ऐकूही कमी येऊ लागलं, आधी खर्जातले आवाज. मात्र रुग्णांना येतात तसे गरगरण्याचे झटके या गिनीपिगना सहसा येत नाहीत. म्हणून 'गिनीपिगच्या कानातली सूज उतरली' एवढ्यावर मेनिएरचं औषध सापडल्याची बातमी करणं मला चुकीचं वाटतं. त्या प्राण्याचं ऐकणं सुधारलं का, हे त्या बातमीत आधी शोधावं.